ट्रॅक्टरच्या दुरुस्तीचा मक्ता

यंत्र विकत घेतांना शेतकरी किंमत पाहतो, अश्वशक्ति पाहतो, डिझेलचा खर्च व कर्जाचे हप्ते पाहतो, आणि शेजारच्या गांवीं ज्यानें तेंच यंत्र घेतलें आहे त्याला जाऊन विचारतो. यंत्र बिघडल्यावर तें कोण उघडूं शकेल, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. कारण आजवर त्याचें उत्तर ठरलेलें होतें. नांगराचा फाळ झिजला तर नवा आणून बोल्ट आवळावे, इंजिन बसलें तर तालुक्याच्या गांवचा मेस्त्री आणावा, इतकें पुरत असे. अमेरिकेंत गेल्या पंधरा-वीस वर्षांत हें उत्तर पालटलें. तेथील हकीकत आम्ही येथें थोड्या विस्तारानें देत आहोंत. ती केवळ परदेशची नवलाई म्हणून नव्हे.

ह्या हकीकतींतील मुख्य कंपनी जॉन डिअर ही होय. तिचा संस्थापक स्वतः गांवचा लोहार होता. १८३६ सालीं तो व्हर्मांटहून इलिनॉय राज्यांत आला. तेथील काळी जमीन आपल्या काळ्या रानाप्रमाणें चिकट. बिडाच्या नांगराला माती चिकटून राही व शेतकऱ्यास ती वारंवार खरडून काढावी लागे. १८३७ सालीं त्यानें गुळगुळीत पोलादाचा नांगर केला, आणि त्यावर माती ठरेना. त्याच लोहाराच्या नांवानें आज जगांतील शेतीयंत्रांची सर्वांत मोठी कंपनी चालते. तिचा एक कारखाना पुण्याजवळ सणसवाडीस आहे.

एके काळीं अमेरिकेंत ट्रॅक्टर करणाऱ्या कंपन्या पुष्कळ होत्या. १९८५ सालीं इंटरनॅशनल हार्वेस्टरचा शेतीयंत्रांचा विभाग विकला जाऊन केस कंपनींत मिसळला; १९९४ सालीं मॅसी फर्ग्युसन ही ॲग्को कंपनीनें घेतली; १९९९ सालीं केस व न्यू हॉलंड एक झाल्या. रंग व पाट्या निरनिराळ्या राहिल्या, मालक मोजके उरले. विक्रेत्यांचेंही तसेंच झालें. एकेका मालकाच्या हातीं अनेक दुकानें गेलीं.

आतां नव्या यंत्राचा बिघाड कसा असतो तें पाहूं. मोठ्या ट्रॅक्टरांत इंजिन, गिअर, हायड्रॉलिक, धूर शुद्ध करणारी योजना ह्या सर्वांवर लहान लहान संगणक बसविलेले असतात. ठिकठिकाणचे सेन्सर उष्णता, दाब व वेग मोजून त्यांस कळवितात. एखाद्या सेन्सरची तार उंदरानें कुरतडली, तरी संगणक तो बिघाड समजतो, पडद्यावर एक सांकेतिक अंक उमटवितो, आणि पुष्कळदां इंजिनची शक्ति आपोआप उतरवितो. यंत्र रांगत रांगत घरापर्यंत येतें, पण काम करीत नाहीं. त्या अंकाचा अर्थ लावून दोषी भाग कोणता हें ठरविण्यास कंपनीचें सॉफ्टवेअर लागतें. कांहीं भाग तर असे असतात कीं, नवा बसविला तरी त्याची ओळख संगणकास त्याच सॉफ्टवेअरनें पटवून द्यावी लागते. तोंवर तो असून नसल्यासारखा. हें सॉफ्टवेअर संपूर्ण रूपांत फक्त अधिकृत विक्रेत्याच्या माणसांजवळ असे. शेतकऱ्यास विकत मिळे तें अपुरें. पाना आहे, सुटा भाग आहे, अक्कलही आहे. पण कुलुपाची किल्ली दुसऱ्याच्या खिशांत, अशी अवस्था झाली.

येथें कोणी विचारील कीं, गिऱ्हाईक इतकें नाराज आहे तर दुसऱ्या दुकानीं कां जात नाहीं? ह्या प्रश्नांतच सगळें मर्म आहे. चढाओढ दोन ठिकाणीं असूं शकते, विक्रीच्या वेळीं व विक्रीनंतर. ट्रॅक्टर घेण्यापूर्वीं तीन-चार विक्रेते दारीं येतात, चहा पाजतात, किंमत उतरवितात. सही झाली कीं ती चढाओढ संपते. यंत्र लाखों रुपयांचें, त्यावर कर्ज. विक्रेत्याचा राग आला म्हणून तें टाकून दुसरें घेतां येत नाहीं. यंत्र बिघडतें तेंही ऐन कामांत असतांना, म्हणजे वाफसा आला असतां किंवा पीक उभें असतां. कारण एरवीं तें छपराखालीं उभेंच असतें. अशा वेळीं एक दिवसाचा उशीर म्हणजे नुसतें भाडें बुडणें नव्हे. पावसाचा ढग दिसत असतां गहूं रानांत उभा राहणें होय. तेव्हां अडल्या हरीप्रमाणें जो मागेल तो दर द्यावा लागतो. चांगली चाकरी करावी अशी विक्रेत्याला गरजच उरत नाहीं. सगळे विक्रेते दुष्ट असतात असें आमचें म्हणणें नाहीं. पण ज्याचें गिऱ्हाईक पळूं शकत नाहीं, त्याच्या चांगुलपणावर हंगाम सोंपवूं नये.

अमेरिकन शेतकऱ्यांनीं आधीं आडवाटा धरल्या. संगणक नसलेले चाळीस वर्षांपूर्वींचे ट्रॅक्टर लिलावांत चढ्या भावानें घेतले जाऊं लागले. कित्येकांनीं पूर्व युरोपांतून कुलूप फोडलेलें सॉफ्टवेअर मिळविलें. २०१५ सालीं कॉपीराइटच्या कायद्यांतून मालकाला ट्रॅक्टरच्या दुरुस्तीपुरती सूट मिळाली, पण सूट म्हणजे हत्यार नव्हे. जानेवारी २०२३ मध्यें फार्म ब्यूरो ह्या शेतकऱ्यांच्या मोठ्या संघानें डिअरशीं करार केला. कंपनीनें माहिती व साधनें देण्याचें कबूल केलें, आणि संघानें दुरुस्तीच्या हक्काच्या राज्य कायद्यांस पाठिंबा न देण्याचें. आमच्या मतें हा सौदा शेतकऱ्यांस महाग पडणारा होता. कबुली मोडल्यास दाद मागण्याची वाट कायदाच देतो, आणि तोच मागण्याचें संघानें सोडलें. कोलोरॅडो राज्य थांबलें नाहीं. त्यानें एप्रिल २०२३ मध्यें शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क देणारा अमेरिकेंतील पहिला कायदा केला, व तो १ जानेवारी २०२४ पासून अंमलांत आला. जानेवारी २०२५ मध्यें संयुक्त सरकारच्या व्यापार आयोगानें इलिनॉय व मिनेसोटा ह्या राज्यांसह डिअरवर मक्तेदारीचा दावा दाखल केला. कंपनीनें आरोप नाकारले, आणि त्याच वर्षाच्या जुलैंत शेतकऱ्यानें वर्गणी भरून वापरावयाचें अधिक समर्थ सॉफ्टवेअर बाजारांत आणलें. दावा दाखल झाल्यावरच हें शक्य कसें झालें, ह्याचा विचार वाचकांनीं करावा.

कंपनीची बाजू अगदींच टाकाऊ नाहीं. सॉफ्टवेअर सर्वांस मोकळें केलें तर कोणी धुराचे नियम चुकवील, कोणी शक्ति वाढवून यंत्र जाळील, असें ती म्हणते. तसें करणारे निघतीलही. परंतु बिघाड वाचणें व नियम मोडणें ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टर ५० अश्वशक्तीच्या आंतील असून त्यांतील पुष्कळांवर अजून मेस्त्रीचा हात चालतो. पण ५० हून अधिक अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरांस १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम, म्हणजे ट्रेम-४, लागू झाले, आणि ते पाळण्यासाठीं संगणकाच्या ताब्यांतील कॉमन रेल इंजिनें आलीं. म्हणजे किल्लीचा प्रश्न आपल्या बांधावर आलाच. कायद्याची जाग येथेंही अगदीं नाहीं असें नाहीं. सुटे भाग व बिघाड शोधण्याचीं साधनें बाहेरच्या मेस्त्र्यांस न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगानें ऑगस्ट २०१४ मध्यें १४ मोटार कंपन्यांस एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड केला. कांहीं कंपन्यांच्या अपिलांत ती रक्कम पुढें कमी झाली. जुलै २०२२ मध्यें केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानें दुरुस्तीच्या हक्काची चौकट आंखण्यासाठीं समिती नेमली. शेतीयंत्रें हा तिच्या चार विषयांपैकीं एक होता.

म्हणून मोठें यंत्र घेणाऱ्यानें सही करण्यापूर्वीं विक्रेत्याकडून कांहीं गोष्टी लेखी घ्याव्या. सांकेतिक अंकांची यादी मिळेल काय. कोणते भाग बसवितांना कंपनीचें सॉफ्टवेअर लागतें. बाहेरच्या मेस्त्रीनें तेल वा फिल्टर बदलल्यास हमी रद्द होते काय. हंगामांत माणूस किती तासांत येईल. एकट्या गिऱ्हाइकास ही उत्तरें टाळलीं जातात. पांच-सहा ट्रॅक्टर एकदम घेणाऱ्या सोसायटीस तीं सहसा टाळतां येत नाहींत, आणि हा डाव सहीपूर्वींच खेळावयाचा असतो. यंत्र आल्यावर प्रत्येक बिघाडाची तारीख, मीटरवरील तास, पडद्यावरील अंक, तक्रार केव्हां केली व माणूस केव्हां आला, हें वहींत टिपावें व जॉब-कार्डाची प्रत मागून घ्यावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें केवळ स्वतःच्या कष्टानें उपजीविका करण्यासाठीं यंत्र घेणारा शेतकरी ग्राहकच ठरतो. तक्रार मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत जिल्हा आयोगाकडे गेली पाहिजे, आणि तेथें वहीचा व जॉब-कार्डाचाच उपयोग होतो.