शिपाई आरोपी होऊन उभा राहतो तेव्हां

वाचकहो, सैन्यांतून परत आलेल्या मनुष्याचें स्वागत कसें करावें हें गांवाला शिकवावें लागत नाहीं. एस. टी.च्या थांब्यावर माणसें जमतात, हार पडतात, ढोल वाजतो. परंतु तोच मनुष्य दोन वर्षांनीं दारूच्या भरांत कोणाचें डोकें फोडून पोलिसांच्या गाडींत बसला, तर त्याच्याकडे कोणीं जावें आणि जाऊन काय करावें, हें कोणी शिकविलेलें नसतें. कांहीं म्हणतात, “देशासाठीं लढला आहे, त्याला सोडून द्या.” कांहीं म्हणतात, “शिस्तींतला मनुष्य असें करतो, तर त्याला दुप्पट शिक्षा हवी.” हे दोन्ही मार्ग सोपे आहेत आणि दोन्ही अपुरे आहेत. अमेरिकेंतील एका शहरानें तिसरा मार्ग कसा काढला, तें या पाठांत सांगण्याचा आमचा हेतु आहे.

१. दुखणें कोणतें?

युद्धावरून आलेल्या कित्येकांच्या अंगावर जखम दिसत नाहीं, पण मन घायाळ असतें. रात्रीं झोंप येत नाहीं. फटाका वाजला कीं छातींत धस्स होतें. क्षुल्लक शब्दानें संताप चढतो. बायकामुलांत बसलें असतांही मनुष्य दूर कोठें तरी असतो. पहिल्या महायुद्धांत या विकाराला तोफगोळ्याचा धक्का म्हणत. व्हिएटनामच्या युद्धानंतर, १९८० सालीं, अमेरिकेंतील मनोविकारतज्ज्ञांनीं आपल्या अधिकृत यादींत आघातानंतरचा मानसिक विकार म्हणून त्याची नोंद केली. हें दुखणें दाबण्यासाठीं पुष्कळ जण दारू किंवा अफूसारखे पदार्थ जवळ करितात, आणि तेथून तुरुंगाची वाट फार लांब राहत नाहीं.

तथापि एक गैरसमज येथेंच दूर केला पाहिजे. शिपाई म्हणजे गुन्हेगारीकडे झुकणारा मनुष्य, असें मुळींच नाहीं. अमेरिकन सरकारच्या २०११-१२ सालच्या पाहणींत त्या देशाच्या तुरुंगांत सुमारें १,८१,५०० माजी सैनिक आढळले. म्हणजे शंभर कैद्यांत आठ. पण लोकसंख्येच्या मानानें पाहतां, सैन्यांत न गेलेल्यांपेक्षां माजी सैनिकांचें तुरुंगांत जाण्याचें प्रमाण कमीच होतें. तेव्हां प्रश्न सर्व सैनिकांचा नसून जे घसरले त्यांचा आहे.

२. बफेलो येथील न्यायालय

नायगरा धबधब्याच्या जवळ, न्यूयॉर्क राज्यांत, बफेलो नांवाचें शहर आहे. तेथील न्यायाधीश रॉबर्ट रसेल यांनीं १९९५ सालींच व्यसनाधीन आरोपींसाठीं वेगळें न्यायालय सुरू केलें होतें, व पुढें मनोरुग्ण आरोपींसाठींही एक चालविलें. या दुसऱ्या न्यायालयांत २००६ सालीं व्हिएटनामच्या युद्धांत लढलेला एक मनुष्य त्यांच्यापुढें उभा होता. त्याची मान खालीं, उत्तरें तुटक. उपचारांत त्याचें मन लागत नव्हतें. न्यायाधीशांनीं न्यायालयाच्या कामांत असलेल्या दोघां माजी सैनिकांना, त्याला बाहेरच्या ओसरींत नेऊन बोलावयास सांगितलें. थोड्या वेळानें तो आंत आला तो ताठ उभा राहून, न्यायाधीशांच्या डोळ्यांकडे पाहत. आणि आपण अधिक झटून प्रयत्न करूं, असें त्यानें सांगितलें. न्यायाधीशांच्या व वैद्यांच्या शब्दांनीं जें झालें नव्हतें, तें त्याच वाटेनें गेलेल्या मनुष्याच्या शब्दानें झालें.

या अनुभवांतून जानेवारी २००८ मध्यें बफेलोंत माजी सैनिकांचें उपचार न्यायालय सुरू झालें. अलास्कांतील अँकरेज शहरांत २००४ पासून असा एक प्रयत्न चालू होताच; पण देशभर जो नमुना पसरला तो बफेलोचा. आज अमेरिकेंत अशीं सहाशेंहून अधिक न्यायालयें आहेत, आणि त्यांना साह्य करण्याचा कायदा २०२० सालीं झाला आहे.

त्याची रीत अशी. आरोपीनें आपखुशीनें यावयाचें असतें; सक्ती नाहीं. त्याच्यासाठीं उपचारांचा क्रम ठरतो, आणि ठराविक दिवशीं त्यानें न्यायाधीशांपुढें येऊन आपली हकीकत सांगावयाची. दारू व मादक पदार्थ यांची वेळोवेळीं तपासणी होते. चुकला तर सर्वांसमक्ष बोल लागतो, कधीं कांहीं दिवस कोठडीही मिळते. नीट चालला तर सर्वांसमक्ष शाबासकी मिळते. हा क्रम बहुधा एक वर्ष किंवा त्याहून अधिक चालतो. पुरा केला तर पुष्कळ वेळां आरोप सौम्य होतो किंवा काढून टाकला जातो. मोडला तर नेहमींच्या न्यायालयांत शिक्षेची वाट मोकळीच असते. माजी सैनिक खात्याचा मनुष्य न्यायालयांतच हजर असतो, म्हणून दवाखाना, निवृत्तिवेतन, निवारा यांची कामें तेथल्या तेथें सुरू होतात. याच खात्यानें २००९ पासून न्यायालयांत व कोठड्यांत जाऊन माजी सैनिकांना शोधून काढणारे अधिकारी नेमले.

आणि या सर्वांच्या जोडीला एक सोबती असतो. तो वकील नव्हे, वैद्य नव्हे, पोलीस नव्हे. तो स्वतः माजी सैनिक असून विनावेतन काम करितो. तो फोन करितो, तारखेला बरोबर येतो, रात्रीं-अपरात्रीं ऐकून घेतो. आमच्या मतें या व्यवस्थेचा प्राण येथें आहे. सैन्यांत कोणी एकटा नसतो. गांवीं आल्यावर तो एकटा पडतो. सोबती त्याचें हें एकटेपण मोडतो.

३. हा पक्षपात नव्हे काय?

कोणी विचारील, “एकच गुन्हा, शेतमजुरानें केला तर तुरुंग, आणि शिपायानें केला तर दवाखाना? हा कसला न्याय?” आक्षेप रास्त आहे, आणि त्याचें उत्तर दिलें पाहिजे.

पहिलें उत्तर असें कीं, ही वाट प्रथम सैनिकांसाठीं निघालीच नाहीं. व्यसनाधीन सामान्य आरोपींसाठीं असें पहिलें न्यायालय मायामी शहरांत १९८९ सालीं निघालें. सैनिकाला जें मिळतें त्यांत विशेष इतकेंच कीं, त्याचें दुखणें ओळखणारीं माणसें त्याला मिळतात. दुसरें उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं दिलें. कोरियाच्या युद्धांत लढलेल्या जॉर्ज पोर्टर नांवाच्या मनुष्यावर दोन खून शाबीत होऊन त्यांपैकीं एकाबद्दल त्याला देहान्ताची शिक्षा झाली होती. पण त्यानें युद्धांत काय सोसलें हें त्याच्या वकिलानें पंचांपुढें मांडलेंच नव्हतें. सर्वोच्च न्यायालयानें त्याला निर्दोष म्हटलें नाहीं. शिक्षा ठरविणाऱ्यांना मनुष्याचा पूर्ववृत्तान्त ठाऊक असला पाहिजे, आणि वकिलानें तो न मांडणें ही गंभीर उणीव होती, असें त्या न्यायालयानें ठरविलें. गुन्हा झांकणें निराळें आणि गुन्हेगाराला पुरतें ओळखणें निराळें.

याच ठिकाणीं ज्याच्यावर गुन्हा घडला त्याचेंही स्मरण ठेविलें पाहिजे. पुष्कळ वेळां तो मार घरांतल्या स्त्रीनें खाल्लेला असतो. “त्यानें देशासाठीं सोसलें, आतां तूं त्याच्यासाठीं सोस,” असें तिला सांगणें हा उघड अन्याय होय. आधीं तिची व मुलांची सुरक्षितता, मग त्याचा उपचार. हा क्रम कोणत्याही दयेनें बदलूं नये.

४. या मार्गाची उणीव

आम्ही या न्यायालयांची स्तुति केली, म्हणून त्यांत दोष नाहीं असें कोणी समजूं नये. वर सांगितलेल्या पाहणींत, शिक्षा भोगीत असलेल्या माजी सैनिकांपैकीं शेंकडा ६४ जण हिंसेच्या गुन्ह्यांसाठीं आंत होते. इतर कैद्यांत हें प्रमाण शेंकडा ४८ होतें. परंतु अशा गुन्ह्यांचे आरोपी कित्येक उपचार न्यायालयें घेतच नाहींत. तसेंच जो बेअब्रूनें सैन्यांतून काढला गेला, त्याला माजी सैनिक खात्याच्या दवाखान्याचें दार बहुधा बंद असतें. मग तो ज्या वागणुकीमुळें काढला गेला ती या दुखण्याचेंच लक्षण कां असेना. म्हणजे ज्याला गरज सर्वांत अधिक, तोच पुष्कळदां बाहेर राहतो.

५. आपण काय करावें?

महाराष्ट्रांत सैन्यांत मुलगे पाठविणारीं गांवें पुष्कळ आहेत. साताऱ्याजवळील अपशिंगे हें गांव तर यामुळें ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलें जातें. बफेलोचें न्यायालय आपल्या तालुक्यांत उभें करणें आपल्या हातीं नाहीं. पण त्यांतला सोबती उभा करणें आपल्या हातीं आहे. त्यासाठीं पुढील गोष्टी लक्षांत ठेवाव्या.

एक: मनुष्य अटकेंत असेल तर त्याचें उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधि सेवा कायद्याप्रमाणें त्याला फुकट वकील मागण्याचा हक्क आहे. यासाठीं तालुका किंवा जिल्हा विधि सेवा कचेरींत अर्ज करावा. मार खाल्लेल्या स्त्रीलाही हाच हक्क आहे, हें तिला आवर्जून सांगावें.

दोन: त्याची सैन्यांतील कागदपत्रें व उपचारांचे कागद जमवून वकिलाच्या हातीं द्यावे. पोर्टरच्या खटल्याचा धडा हाच आहे.

तीन: जिल्हा सैनिक कल्याण कचेरीला कळवावें. सैनिक व त्यांचीं कुटुंबें यांना कायद्याचें साह्य मिळावें म्हणून २०२५ सालीं वीर परिवार सहायता योजना निघाली आहे. तिची चौकशी तेथें करावी.

चार: मनाच्या दुखण्यासाठीं १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. मांत्रिकाकडे किंवा गुत्त्याकडे जाण्याआधीं तेथें बोलावें.

पांच: गांवांतील एखाद्या वडीलधाऱ्या माजी सैनिकाला विनंति करावी कीं, “सुभेदारसाहेब, तारखेला आपण याच्याबरोबर चला.” खोटी साक्ष देऊं नये, जखमी पक्षावर तडजोडीची बळजबरी करूं नये. बरोबर मात्र जावें, आणि एकदांच नव्हे, खटला संपेपर्यंत जावें.

विचारासाठीं प्रश्न

१. आपल्या गांवांत सैन्यांतून परत आलेले किती जण आहेत, आणि त्यांपैकीं कोणाशीं आपण गेल्या महिन्यांत बोललों?
२. दया करणें आणि गुन्हा झांकणें यांत भेद काय?
३. एकाच घरांत दोषी व दुःखी दोघेही असतील, तर प्रथम कोणाकडे जावें, व कां?
४. तारखेच्या दिवशीं आपल्यापैकीं कोण बरोबर जाईल?

चौथ्या प्रश्नाचें उत्तर म्हणून कोणाचें तरी नांव निघाल्यावांचून पाठ संपवूं नये, अशी आमची वाचकांस विनंति आहे.