मेंदूची दुखापत आणि भरपाईचा हक्क

चंदीगडहून अंबाल्याकडे जाणाऱ्या राजमार्गावर झिरकपूर मागे टाकले की डेराबस्सी हे गाव लागते. पूर्वी हा भाग पतियाळा जिल्ह्यात मोडत असे. २००६ साली मोहालीचा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला तेव्हा तो त्यात समाविष्ट करण्यात आला. रसायने, औषधे इत्यादींच्या कारखान्यांमुळे गावाला औद्योगिक नगराचे रूप आले आहे. पाळी सुटली की सायकली व दुचाकी घेऊन निघालेले कामगार त्याच राजमार्गावर येतात, जेथून अवजड मालमोटारी अहोरात्र धावत असतात. अशा रस्त्यावर अपघात झाला आणि डोक्याला मार लागला, तर जखमीला बहुधा चंदीगडला हलवावे लागते. सेक्टर ३२ मधील शासकीय रुग्णालयात, किंवा १९६२ साली स्थापन झालेल्या व 'पीजीआय' या नावाने सर्वत्र ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत. तेथे प्राण वाचतात. परंतु त्यानंतरचा, म्हणजे घरी परतल्यावरचा, प्रश्न रुग्णालयाच्या कक्षेबाहेरचा असतो. तो प्रश्न प्रस्तुत प्रकरणाचा विषय आहे.

मोडलेला पाय सर्वांना दिसतो. मेंदूची इजा मात्र पुष्कळदा दिसत नाही. जखम भरून येते, केस वाढतात, मनुष्य चालू-बोलू लागतो. पण सकाळी सांगितलेले त्याला दुपारी आठवत नाही, क्षुल्लक कारणाने तो संतापतो, हिशेब करता येत नाही, गोंगाट सहन होत नाही. शेजारी म्हणतात, "देवाच्या कृपेने बरा झाला." पत्नीला तेवढे ठाऊक असते की, परत आलेला मनुष्य तो पूर्वीचा नव्हे. भरपाईच्या दृष्टीने सर्वांत मोठी अडचण हीच आहे; कारण न्यायाधिकरण पुराव्यावर चालते, आणि जे दिसत नाही त्याचा पुरावा मुद्दाम गोळा करावा लागतो.

या पुराव्याचा आरंभ पहिल्याच दिवशी होतो. रुग्ण आणला त्या वेळी त्याची शुद्ध किती हरपली होती याची नोंद डॉक्टर 'ग्लासगो कोमा स्केल' या मापाने करतात. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या या मापात ३ ते १५ असे गुण असतात. ८ वा त्याहून कमी गुण म्हणजे गंभीर इजा, ९ ते १२ म्हणजे मध्यम, आणि १३ ते १५ म्हणजे सौम्य. ही नोंद, मेंदूच्या क्ष-किरण छेदचित्रांचे म्हणजे सी.टी. स्कॅनचे अहवाल, शस्त्रक्रियेची टिपणे आणि रुग्णालयातून सोडतानाचा गोषवारा ही कागदपत्रे जपून ठेवावीत. औषधांच्या व प्रवासखर्चाच्या पावत्याही त्यांबरोबर ठेवाव्यात. पुढे काही महिन्यांनी स्मरणशक्ती, अवधान व बुद्धी यांची मानसशास्त्रीय तपासणी करून घेणे तितकेच अगत्याचे असते. घरच्यांनी एका वहीत रोजच्या अडचणी तारीखवार लिहून ठेवल्या, तर साक्षीच्या वेळी तिचा मोठा उपयोग होतो.

आता कायद्याकडे वळावे. मोटार अपघातातील भरपाईचा दावा १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे करता येतो. अपघात जेथे झाला तेथील, अर्जदार जेथे राहतो तेथील, अथवा प्रतिवादी जेथे राहतो तेथील न्यायाधिकरण अर्जदारास निवडता येते. डेराबस्सीच्या रहिवाशाला त्यासाठी मोहालीस जावे लागते. परंतु तो बिहारचा किंवा महाराष्ट्राचा मूळ रहिवासी असून अपघातानंतर गावी परतला असेल, तर आपल्या जिल्ह्यातही त्यास दाद मागता येते. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताची पहिली खबर ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो. धडक देऊन वाहन पळून गेले व त्याचा शोध लागला नाही, तर कलम १६१ खालील योजनेनुसार मृत्यूबद्दल २ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये मिळतात. त्याचा अर्ज उपविभागाच्या महसूल अधिकाऱ्याकडे करावा लागतो.

अपघात कारखान्यात यंत्रावर झाला असेल, तर मार्ग वेगळा. त्याची भरपाई १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून चालत आलेल्या आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झालेल्या तरतुदींनुसार, किंवा कामगार राज्य विमा योजनेतून मिळते. तेथे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. मात्र मनुष्य तेथे कामास होता, हे दाखवावे लागते. ठेकेदाराच्या हाताखालील कामगाराजवळ हाच पुरावा नसतो. म्हणून हजेरीपत्रक, वेतनाची चिठ्ठी किंवा बँकेतील जमा यांपैकी जे हाती असेल ते सांभाळावे.

भरपाईची रक्कम कशी ठरते, हे उदाहरणाने स्पष्ट होईल. ३४ वर्षांचा एक यंत्रचालक दरमहा १५,००० रुपये मिळवितो, अशी कल्पना करावी. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मृत्यूच्या प्रकरणात, चाळिशीच्या आतील ठरावीक पगाराच्या मनुष्याच्या उत्पन्नात भावी वाढीपोटी ४० टक्के मिळवावेत असे ठरविले. २०२० मध्ये तेच तत्त्व कायमच्या अपंगत्वासही लागू असल्याचे स्पष्ट झाले. तेव्हा मासिक उत्पन्न २१,००० आणि वार्षिक २,५२,००० रुपये धरावे. २००९ साली मान्य झालेल्या तक्त्यानुसार ३१ ते ३५ या वयासाठी गुणक १६ आहे. गुणाकार ४०,३२,००० रुपये येतो. आता वैद्यकीय दाखल्यावर अपंगत्व ४० टक्के लिहिले आहे म्हणून विमा कंपनी या रकमेच्या ४० टक्के, म्हणजे १६,१२,८०० रुपये, देऊ करील. परंतु २०१० च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, शरीराचे अपंगत्व आणि कमाईच्या शक्तीची हानी या दोन भिन्न गोष्टी होत. ज्याचे अवधान क्षणोक्षणी सुटते त्याला यंत्रावर कोणी उभे करणार नाही, आणि दुसरे काम त्याला जमत नसेल तर त्याची कमाई शंभर टक्के बुडाली. दोन आकड्यांतील २४,१९,२०० रुपयांचे अंतर केवळ या एका मुद्द्याच्या पुराव्यावर अवलंबून आहे.

याखेरीज उपचारांचा खर्च, वेदना, जीवनातील सुखांची हानी आणि सेवेकऱ्याचा खर्च हे निराळे मागता येतात. यांतील शेवटची बाब घरची माणसे बहुधा मागतच नाहीत. सेवा आईने किंवा पत्नीने करावयाची असते असे ते गृहीत धरतात. सर्वोच्च न्यायालयाचा ५ फेब्रुवारी २०२० चा एक निर्णय येथे मार्गदर्शक आहे. १८ ऑक्टोबर २००७ रोजी आईवडिलांबरोबर ट्रॅक्टरवरून जाणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीला मालमोटारीच्या धडकेने मेंदूची गंभीर इजा झाली. चंदीगडच्या पीजीआयने तिचे अपंगत्व शंभर टक्के ठरविले. न्यायाधिकरणाने सुमारे ११ लाख दिले, पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने ते सुमारे २५ लाख ७८ हजारांवर नेले. न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव आणि न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांच्या पीठाने ती रक्कम ६२ लाख २७ हजार केली. दोन सेवेकऱ्यांचे दरमहा १०,००० रुपये, त्यास १८ चा गुणक, असे २१,६०,००० रुपये त्यांत केवळ सेवेसाठी होते. मुलगी बारा वर्षांची असताना घडलेल्या गोष्टीचा अंतिम निकाल बारा वर्षांहून अधिक काळाने लागला, हेही विसरता येत नाही.

निवाडा एकदाच होतो. पुढे आजार बळावला म्हणून नवा दावा सहसा करता येत नाही. म्हणून रुग्णालयाच्या दारात किंवा लोकअदालतीत घाईने केलेली तडजोड फार महाग पडू शकते. दुसऱ्या बाजूला, २०१९ च्या दुरुस्तीने अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातली. २०२५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन केवळ मुदत उलटली म्हणून अर्ज फेटाळू नयेत असे सांगितले असले, तरी त्यावर विसंबू नये. अर्ज मुदतीत दाखल करावा; अपंगत्वाचा पुरावा मात्र प्रकृती स्थिरावल्यावर द्यावा. या दोन गोष्टींत विरोध नाही. न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते.

जखमी मनुष्य स्वतः समजून सही करू शकत नसेल, तर त्याच्या वतीने निकटचा नातलग 'वादमित्र' म्हणून दावा चालवू शकतो. बेशुद्धावस्थेतील रुग्णाच्या बँकखात्यासाठी पालक नेमण्याचा आदेश राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाकडे मागता येतो.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून हक्क सोडण्याचे कारण नाही. राज्यघटनेत १९७६ साली घातलेल्या अनुच्छेद ३९-अ नुसार मोफत कायदेविषयक साहाय्य पुरविणे हे राज्याचे कर्तव्य होय. १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, बालके, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातील विधिसेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा. १५१०० हा दूरध्वनी क्रमांकही त्यासाठीच आहे.

रक्कम हाती आल्यावर तिचा मोठा भाग न्यायाधिकरण बँकेत मुदत ठेवीत गुंतवावयास लावते, तेव्हा कुटुंबाला तो अविश्वास वाटतो. वस्तुतः तो पैसा आजचा नव्हे. आईवडील थकतील, भावंडे आपापल्या संसाराला लागतील, आणि तरीही त्या मनुष्याला कोणी तरी घास भरवावा लागेल. त्या दिवसासाठी तो राखून ठेवलेला असतो.