विळीवरचा काळा डाग

पावसाळा सरला. माळ्यावरचा विळा खाली काढला. हात लावला तर तांबडी पूड हाताला लागली. कुदळ पाहिली, खुरपे पाहिले, फाळ पाहिला. सगळ्यांचे तेच! मग लोहाराकडे जा, पैसे मोजा. दर साली असेच चालते. मंडळी, गंज हा घरात बसलेला सावकारच आहे. रोज थोडे थोडे घेतो, पण कधी चुकत नाही.

गंज का चढतो?

लोखंड, पाणी आणि हवा ही तीन एकत्र आली की गंज धरतो. कोरड्या हवेत लोखंड पुष्कळ दिवस टिकते. कोकणच्या किनाऱ्याला हवेत मीठ असते, म्हणून तिथे गंज लवकर चढतो. गंज भुसभुशीत असतो. त्याचा पोपडा गळून पडतो. खालचे लोखंड उघडे होते, मग तेही गंजते. असे करता करता पाते झिजून जाते.

डाग कुठून आला?

आता स्वयंपाकघरात चला. विळीवर आवळा चिरला की पाते काळे पडते. कच्चे केळे चिरले तरी तसेच. आपण म्हणतो, "विळी खराब झाली!" आणि राखेने घासू लागतो. पण हा डाग म्हणजे गंज नव्हे. फळाच्या रसात एक तुरट पदार्थ असतो. त्याला टॅनिन म्हणतात. टॅनिन आणि लोखंड यांची गाठ पडली की निळसर काळा रंग होतो.

बाभळीच्या सालीत टॅनिन असते. हिरड्यात तर पुष्कळच असते. वाळलेल्या हिरड्याच्या १०० भागांत सुमारे ३० भाग टॅनिन निघते. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातले लोक हिरडा गोळा करून विकतात. तो औषधाला लागतो, कातडी कमावायला लागतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई करीत. हिराकशीत लोखंडाचा अंश असतो. म्हणजे ती शाई आणि विळीवरचा डाग एकाच जातीचे!

डागाचा उपयोग काय?

हा काळा पदार्थ पाण्यात विरघळत नाही. तो लोखंडाला चिकटून बसतो आणि वर पातळ साय धरतो. मग हवा-पाण्याला आत शिरायला अडचण होते. वस्तुसंग्रहालयांत जुन्या लोखंडी वस्तूंवर टॅनिनचे पाणी लावतात, ते याचसाठी.

तुम्ही म्हणाल, "कारखान्यात याहून जालीम औषधे असतील की!" असतात. क्रोमेट नावाचे क्षार गंज चांगला रोखतात. पण ते विषारी आहेत. त्यांनी कर्करोग होतो. ते ओढ्या-विहिरीत गेले तर पाणी नासते. म्हणून अनेक देशांनी त्यांवर बंधने घातली आणि झाडपाल्यातल्या टॅनिनकडे शास्त्रज्ञांचे लक्ष गेले.

घरी करून पाहा

मूठभर हिरडे कुटा. लोटाभर पाण्यात चांगले उकळा. पाणी गाळून निवू द्या. अवजाराचा सुटा गंज तारेच्या ब्रशाने काढा. माती आणि तेल धुऊन टाका. मग फडक्याने हे पाणी लावा आणि वाळू द्या. पुन्हा एकदा लावा. तांबड्याचा काळा रंग झाला की समजा, काम झाले. शेवटी वरून तेलाचा हात फिरवा आणि अवजार कोरड्या जागी ठेवा.

दोन गोष्टी मात्र आम्ही बजावून सांगतो. एक, अवजार या पाण्यात भिजत टाकून विसरू नका. हे पाणी थोडे आंबट असते. फार वेळ राहिले तर उलट लोखंडच खाईल. दुसरी, ही साय पातळ आहे. ती चिलखत नव्हे. जाड पोपड्याखाली ती पोचत नाही, आणि घासली की निघून जाते. म्हणून दर हंगामाला काम संपले की पुन्हा लावावी. पातळ झालेले पाते काही ती परत जाड करणार नाही. रोग जुना व्हायच्या आधीच औषध करावे.

सांगा पाहू

१. गंज धरायला कोणत्या तीन गोष्टी लागतात?
२. हिरड्याचे पाणी लावल्यावर वरून तेल का लावावे?
३. एक गंजका खिळा हिरड्याच्या पाण्यात टाका. उद्या सकाळी पाण्याचा रंग कसा झाला ते पाहा आणि पाटीवर लिहा.