गावच्या वाटांची सायकलफेरी

गावाचे रस्ते किती, असा प्रश्न विचारला तर बहुतेक ठिकाणी तालुक्याकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्याकडे बोट दाखविले जाते. वस्तुतः हा रस्ता गावाच्या एकूण वाटांपैकी एक लहानसा भाग असतो. वाडीवरून शाळेकडे, गावठाणातून शिवाराकडे, मळ्यातून ओढ्यापलीकडे आणि एका शिवेवरून दुसऱ्या गावाकडे जाणाऱ्या कितीतरी वाटा नित्य वापरात असतात. पश्चिम महाराष्ट्रात त्यांना पाणंद म्हणतात, विदर्भात पांदण म्हणतात, कोकणात दगडी बांधणीची पाखाडी असते. या वाटांची ओळख करून घेण्याचे सर्वांत सोयीचे साधन म्हणजे सायकल होय. मोटार त्या वाटेने जाऊ शकत नाही आणि पायी चालून सारे शिवार एका दिवसात पाहून होत नाही. सायकल मात्र डांबरी व कच्च्या अशा दोन्ही वाटांनी जाते आणि वाटेत जे बिघडले आहे ते चालविणाऱ्याला ताबडतोब जाणवून देते.

ही फेरी छंद म्हणून आनंदाची आहेच. परंतु ती नियमाने व नोंदी ठेवून केली, तर शिक्षकांना भूगोलाचा व गणिताचा जिवंत पाठ मिळतो आणि ग्रामपंचायतीला आपल्या वाटांचा खरा हिशेब हाती येतो. त्या दृष्टीने तिची पद्धत येथे मांडली आहे.

रस्त्यांची दोन जगे

राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग अशी आपल्या रस्त्यांची वर्गवारी आहे. त्यांतील शेवटचे दोन वर्ग सर्वसाधारणपणे जिल्हा परिषदेच्या देखभालीखाली येतात. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने मैदानी भागातील ५०० आणि डोंगरी व आदिवासी भागातील २५० लोकसंख्येच्या वस्त्यांना बारमाही रस्त्याने जोडण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्यामुळे गाव बाहेरच्या जगाशी जोडले गेले. गावाच्या आतील जोडणी मात्र आजही मुख्यतः गाडीवाटा व पायवाटा यांवरच अवलंबून आहे. डांबरी रस्त्याला क्रमांक असतो व त्याची नोंदवही असते. गाडीवाटेची आठवण पुष्कळदा केवळ वृद्ध शेतकऱ्यांपाशी असते.

आधी नकाशा, मग सायकल

फेरीला निघण्यापूर्वी गाव नकाशा समोर ठेवावा. तो भूमि अभिलेख कार्यालयातून मिळतो आणि आता संकेतस्थळावरही पाहता येतो. या नकाशात एका गावाहून दुसऱ्या गावी जाणारे ग्रामीण रस्ते दोन भरीव रेषांनी, गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी आणि पायमार्ग एका तुटक रेषेने दाखविलेले असतात. गाडीमार्गाची रुंदी साधारणतः साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट धरली जाते. शेतकऱ्यांनी आपापसांत सोयीने पाडलेल्या बांधावरच्या वाटा या नकाशात नसतात, हे ध्यानात ठेवावे.

नकाशाची प्रत काढून तीवर डांबरी रस्ते काळ्या, गाडीवाटा तांबड्या व पायवाटा निळ्या पेन्सिलीने रंगवाव्यात. त्यानंतर शाळा, आरोग्य उपकेंद्र, दुकान, पाणवठा, स्मशानभूमी आणि सर्व वाड्या यांच्या खुणा कराव्यात. एवढे झाले म्हणजे कोणती वाडी कोणत्या वाटेवर विसंबून आहे ते दिसू लागते. फेरीचे मार्गही त्यावरूनच ठरवावेत. जाताना पक्का रस्ता आणि येताना कच्ची वाट असा ८ ते १२ किलोमीटरांचा फेरा पहिल्या खेपेस पुरेसा होतो.

चाकाने मोजलेले अंतर

आजकाल मोबाईलवर अंतर कळते. तरीही चाकाने अंतर मोजण्याचा धडा मुलांना अवश्य द्यावा. जुन्या घडणीच्या काळ्या सायकलीचे चाक २८ इंची असते. त्याच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २ मीटर २० सेंटिमीटर पुढे जाते, म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ४५० फेरे होतात. आपल्या सायकलीचा नेमका आकडा काढण्यासाठी टायरवर खडूने खूण करावी, सायकल सरळ रेषेत दहा फेरे न्यावी, ते अंतर टेपने मोजावे आणि दहाने भागावे. नंतर चाकाच्या एका तारेला रंगीत फीत बांधून सायकल हाती धरून चालवावी व फीत किती वेळा वर आली ते मोजावे. वाटेवरील चिखलाचा पट्टा, खचलेला बांध किंवा ओढ्याचे पात्र यांची लांबी अशा रीतीने पाचवी-सहावीच्या विद्यार्थ्यालाही बिनचूक काढता येते. परिघ व व्यास यांचा संबंध फळ्यावर सांगण्यापेक्षा असा शिकविला तर तो कायमचा लक्षात राहतो.

माती, पाऊस आणि चाक

एकच वाट ऋतूप्रमाणे निराळी होते. मराठवाडा, विदर्भ व कृष्णा-भीमेच्या खोऱ्यांतील काळी माती पाणी पिऊन फुगते. मग तिचा चिकट लगदा टायर व मडगार्ड यांमध्ये भरून चाक जागच्या जागी अडते. तीच माती उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि भेगेत पुढचे चाक अडकून स्वार पडण्याचे भय असते. माळावरील मुरूम पाऊस ओसरताच चालण्याजोगा होतो, पण उतारावर तो सैल असल्यामुळे चाक घसरते. कोकणातील जांभ्यावर चिखल थोडा होतो, परंतु पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढते आणि तेथे उतरून चालणेच शहाणपणाचे ठरते.

डांबरी रस्त्यावर टायरमध्ये भरपूर हवा असावी. कच्च्या वाटेवर ती किंचित कमी ठेवली की पकड चांगली मिळते व धक्के कमी बसतात. मात्र हवा फारच कमी केली तर दगडावर आदळून रिम आणि दगड यांमध्ये ट्यूब चेमटते. उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू लावावेत. सैल मुरमावर पुढचा ब्रेक एकदम दाबणे धोक्याचे असते. बाभळीच्या काट्यांमुळे पंक्चर ही नित्याचीच बाब असल्याने पंप, पंक्चरचे सामान, पान्हा व पिण्याचे पाणी जवळ असावे. पक्क्या रस्त्यावर साइडपट्टी किती रुंद आहे व ती डांबराच्या पातळीत आहे की खाली खचलेली आहे, हेही पाहावे. मागून ट्रक आला असता मुलाला सायकल खाली उतरविता येईल की नाही, हे या पट्टीवरच अवलंबून असते.

नोंद कशाची ठेवावी

प्रत्येक वाटेसाठी वहीचे एक पान राखावे. त्यावर वाटेचे चालू नाव, आरंभ व शेवट, लांबी आणि सायकलने लागलेला वेळ लिहावा. त्यानंतर जेथे जेथे सायकलवरून उतरावे लागले त्या प्रत्येक जागेची नोंद करावी. कोठे उतरावे लागले व का, हीच या वहीतील सर्वांत मोलाची माहिती होय. फुटलेली मोरी, वाहून गेलेला साकव, फरशीवर येणारे पाणी, शेताचे सांडपाणी, वाटेवर टाकलेले काटे, नांगरून अरुंद झालेला पट्टा अशी कारणे स्पष्ट शब्दांत लिहावीत.

उदाहरणादाखल एका वाडीचा विचार करू. वाडीपासून माध्यमिक शाळा डांबरी रस्त्याने ७ किलोमीटर आणि पाणंदीने ४ किलोमीटर आहे असे समजा. डांबरीवरून ताशी १४ किलोमीटर वेगाने अर्धा तास लागेल, कच्च्या वाटेने ताशी ८ किलोमीटर वेगाने तेवढाच वेळ लागेल. पाणंदीवर वाहनांचा धोका नाही, म्हणून पालक तिलाच पसंती देतील. पण पावसाळ्यात त्या ४ किलोमीटरांपैकी ओढ्यालगतचे २०० मीटर गुडघाभर चिखलाचे असतील तर सारी पाणंद निरुपयोगी ठरते. नोंदवही नसेल तर ग्रामसभेत ‘४ किलोमीटरांचा रस्ता करा’ अशी मागणी होते आणि खर्चाच्या आकड्यापाशी ती थांबते. नोंदवही असेल तर २०० मीटरांवर मुरमाचा भराव, दोन्ही बाजूंना चर आणि एक मोरी एवढेच काम पुढे येते. ते ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील असू शकते.

सहा महिन्यांची मुदत

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० अन्वये सार्वजनिक रस्ते, बोळ व वाटा या राज्य शासनाच्या मालकीच्या आहेत. तरीही अनेक गावांत नकाशातील गाडीमार्ग प्रत्यक्षात पायवाटेइतका उरला आहे. दरवर्षी नांगराचे एकेक तास आत सरकते व दहा वर्षांनी बैलगाडीही जाऊ शकत नाही. यात नेहमी वाईट हेतू असतोच असे नाही. वाटेने कोणी जात नाही म्हणून ती शेतात मिळून जाते.

वहिवाटीचा रस्ता कोणी अडविल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत हा अर्ज करावा लागतो, ही गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते. ज्या वाटेकडे वर्षभर कोणी फिरकले नाही, तिच्यावरील अडथळा उघडकीस येईतो ही मुदत निघून गेलेली असते. शेतात जाण्यासाठी अन्य मार्गच नसेल तर सर्व्हे नंबरांच्या बांधावरून नवा रस्ता मिळण्यासाठी संहितेच्या कलम १४३ खाली शेतकऱ्याला स्वतंत्र अर्ज करता येतो. २०२५ साली महसूल विभागाने शेतरस्त्यांची नोंद सातबारा उताऱ्याच्या ‘इतर हक्क’ सदरात घेण्याची दिशाही दिली आहे.

म्हणून सायकलफेऱ्या वर्षातून तीन कराव्यात. एक एप्रिलमध्ये, दुसरी सप्टेंबरमध्ये आणि तिसरी जानेवारीत. अशा क्रमाने कोणत्याही दोन फेऱ्यांमध्ये सहा महिन्यांचे अंतर पडत नाही. एप्रिलची नोंद १ मेच्या, सप्टेंबरची २ ऑक्टोबरच्या आणि जानेवारीची २६ जानेवारीच्या ग्रामसभेपुढे ठेवता येते. शिवाय सप्टेंबरमध्ये वाटेवरील पाणी, जानेवारीत खरिपानंतरची मोकळी वाट आणि एप्रिलमध्ये पावसाळ्यापूर्वीच्या दुरुस्तीची निकड दिसून येते. अडथळा आढळल्यास पंचायत सदस्यांनी प्रथम त्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन बोलावे. नकाशा व नोंद समोर असेल तर पुष्कळ तंटे ओट्यावरच मिटतात.

मुलींची शाळा आणि सायकल

या साऱ्या खटाटोपाचा खरा लाभ कोणाला, याचे उत्तर शाळेच्या हजेरीपटावर सापडेल. शिक्षण हक्काच्या राज्य नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या व आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत असावी लागते. त्यापुढे मात्र अंतर वाढते आणि नेमक्या त्याच वयात मुलींची शाळा सुटण्याचा धोका असतो. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमाखाली ८ वी ते १२ वीतील गरजू मुलींना सायकली देण्यात आल्या त्या याच कारणासाठी. बिहारने २००६ साली नववीच्या मुलींसाठी अशीच योजना सुरू केली. तिच्या अभ्यासात माध्यमिक शाळेतील योग्य वयाच्या मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दिसून आले. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहिमेबरोबर ग्रामीण स्त्रियांना सायकल शिकविण्यात आली आणि त्यांना बाजारहाट, पाणी व कामावर जाण्यासाठी कोणाची वाट पाहावी लागेनाशी झाली.

सायकल दिली तरी वाट नसेल तर ती दाराशी उभी राहते. मुलींना मिळालेल्या सायकली पावसाळ्यात किती दिवस घरीच राहतात आणि कोणत्या जागेमुळे राहतात, हे प्रत्येक मुख्याध्यापकाने विचारून नोंदवावे. फेरीत मुलींचा सहभाग निम्मा तरी असावा. कारण ज्या वाटेवर मुलाला काही खटकत नाही, तेथे निर्जन वळण, अंधार किंवा दारूचा अड्डा मुलीला खटकतो आणि तीही वाटेची उणीवच होय.

पाळावयाच्या मर्यादा

लहान मुलांना महामार्गावर नेऊ नये. फेरीत पुढे व मागे एकेक प्रौढ असावा. उभ्या पिकातून अथवा नुकत्याच पेरलेल्या रानातून सायकल घालू नये. अभयारण्यात व राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार परवानगीवाचून प्रवेश करता येत नाही. सह्याद्रीवरील व कोकणातील सड्यांवर पावसाळ्यात उमलणारी इवलीशी वनस्पती चाकाखाली चिरडते, म्हणून तेथे रुळलेली वाट सोडू नये. पूर आलेली फरशी ओलांडण्याचे धाडस तर कधीच करू नये.

एका गावाची एक वही, एक रंगविलेला नकाशा आणि वर्षातून तीन दिवस एवढ्याच सामग्रीवर हे काम उभे राहते. २०२१ साली राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून शेत व पाणंद रस्त्यांना चालना दिली, त्याआधी रोजगार हमीच्या कामांतूनही अशा कितीतरी वाटा झाल्या. पुढेही योजना येतील. त्या आल्या की कोणती वाट आधी घ्यावी, हा प्रश्न ग्रामसभेपुढे उभा राहील. ज्या गावाने आपल्या वाटा सायकलवरून नियमाने पाहून ठेवल्या असतील, त्या गावाजवळ या प्रश्नाचे उत्तर मीटरांत मोजलेले तयार असेल. येत्या फेरीची तारीख शिक्षक व सदस्य यांनी एकत्र बसून ठरवावी आणि पहिली फेरी सर्वांत दूरच्या वाडीपासून सुरू करावी.