ड्रायव्हर अपडेट स्क्रिप्टवर सोपवा, पण वार तुम्ही ठरवा

दुकानात चार-पाच पीसी झाले की प्रत्येकाचा ग्राफिक्स ड्रायव्हर हाताने बघत बसणं परवडत नाही. स्क्रिप्ट हवीच. पण आधी माझी चूक ऐका.

माझी पहिली स्क्रिप्ट नवीन ड्रायव्हर दिसला की लगेच बसवायची. ऐन लग्नसराईत, भर दुपारी, अल्बम एक्सपोर्टला लावलेला असताना स्क्रीन काळी झाली. ड्रायव्हर बसताना स्क्रीन क्षणभर जातेच हो, पण कार्डावर चाललेलं काम त्यात बंद पडतं. चाळीस पानं पुन्हा केली, गिऱ्हाईक समोर बसलेलं!

तेव्हापासून दोन भाग केले. तपासणी रोज, आपोआप. बसवणं फक्त सुट्टीच्या आदल्या रात्री.

एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसोबत 'एनव्हिडिया-एसएमआय' ही कमांड येते, ती सध्याचं व्हर्जन सांगते. पॉवरशेलने ते वाचायचं आणि शेअर्ड फोल्डरमधल्या आपल्या मंजूर व्हर्जनशी ताडायचं. जुळलं तर गप्प, नाही तर लॉग फाईलमध्ये एक ओळ. टास्क शेड्युलरला सकाळची वेळ द्या, झालं.

'मंजूर' हा शब्द मुद्दाम वापरलाय. सगळ्यात नवीन ते आपल्याला चालेलच असं नाही. डिझाईन-एडिटिंगवाल्यांनी गेम रेडीऐवजी स्टुडिओ ड्रायव्हर घ्यावा. आणि सेकंडहँड पीसीवर धंदा सुरू केला असेल तर कार्ड आधी बघा. केपलर पिढीच्या कार्डांना, उदाहरणार्थ जीटीएक्स ६८० किंवा ७८०, ४७० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा आहे. त्यापुढचा ड्रायव्हर त्यांच्यासाठी नाहीच, स्क्रिप्ट रोज डोकं आपटत बसेल.

बसवताना सेटअप फाईलला 'मायनस एस' स्विच लावला की ती काही विचारत नाही. 'मायनस नोरीबूट' लावला की पीसी स्वतःहून रीस्टार्ट होत नाही. टास्कमध्ये 'हायेस्ट प्रिव्हिलेजेस'वर टिक हवी, नाहीतर परवानगीपाशी अडकेल. त्याआधी स्क्रिप्टनेच रीस्टोअर पॉइंट घ्यायचा. मात्र पॉवरशेलने २४ तासांत दुसरा पॉइंट सहसा बनत नाही, त्यामुळे दिवसा टेस्टिंग केलं असेल तर रात्री नवा मिळणार नाही. म्हणून जुन्या ड्रायव्हरची सेटअप फाईल त्याच फोल्डरमध्ये राहू द्या. माझं खरं इन्शुरन्स तेच.

नवीन व्हर्जन आधी एकाच पीसीवर टाका, शक्यतो ज्यावर बिलिंग होत नाही त्यावर. आठवडाभर त्यावर खरं काम करा, एखादा जड अल्बम एक्सपोर्ट करून बघा. नीट चाललं तरच मंजूर फाईलमधला आकडा बदला, बाकीचे पीसी पुढच्या सुट्टीच्या आदल्या रात्री स्वतःहून रांगेत येतात.