शंभर वर्षांपूर्वीचे रंग आणि थांबलेली माणसं

प्रश्न : पहिल्या महायुद्धाच्या आधी प्रवाशांनी देशोदेशी काढलेले रंगीत फोटो पाहण्यात आले. त्यांतले रंग मागाहून भरले आहेत का? आणि सगळी माणसं अशी खिळल्यासारखी का उभी आहेत?

उत्तर : ‘ऑटोक्रोम’ असतील, तर रंग अस्सल आहेत. माणसं खिळल्यासारखी आहेत ती त्या रंगांपायीच.

लुमिएर बंधूंनी १९०७ साली फ्रान्समध्ये ही ऑटोक्रोम काच विक्रीला आणली. तिचे रंग चक्क बटाट्याचे! बटाट्याच्या स्टार्चचे बारीक कण नारिंगी, हिरवे आणि जांभळट निळे रंगवून काचेवर एका थरात पसरायचे, मधल्या फटी काजळीनं बुजवायच्या आणि वर फोटोचा लेप चढवायचा. उजेड या कणांतून गाळून लेपापर्यंत पोचे; बराचसा वाटेतच अडे. म्हणून भर उन्हातही भिंग सेकंदभर, कधी त्याहून जास्त उघडं ठेवावं लागे. तेवढ्यात मान हलली की चेहरा पुसट.

पॅरिसचे धनाढ्य बँकर आल्बेर कान यांनी १९०९ ते १९३१ या काळात छायाचित्रकार जगभर पाठवून असे सुमारे ७२ हजार फोटो जमवले. रोजचं जगणं झपाट्यानं पालटतंय, ते नाहीसं होण्याआधी टिपावं, ही त्यांची तळमळ. स्तेफान पासे हे त्यांचे छायाचित्रकार १९१३च्या सुमारास भारतातही येऊन गेले.

१९१३ सालीच मार्गरिट मेस्पुले आणि मॅडलीन मिन्यॉ या दोघी कान यांच्यासाठी आयर्लंडला गेल्या. गॉलवेजवळच्या क्लाडा या कोळीवस्तीत त्यांनी एका मुलीचा फोटो घेतला. तिच्या अंगावरचा लालभडक पेहराव आजही डोळ्यांत भरतो. त्या काळच्या साध्या काळ्या-पांढऱ्या काचेला लाल जवळपास दिसतच नसे. त्या काचेवर हाच पेहराव काळपट उमटला असता. ऑटोक्रोम फोटो निर्जीव वाटतात, असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. कोणत्या गावात बायका काय रंगाचं नेसत, हे दुसरं कोण सांगणार?

राहता राहिली हालचाल. तीही कान यांनी सोडली नाही. त्यांची माणसं सोबत सिनेमाचा कॅमेरा नेत, आणि बाजारातली वर्दळ त्याच्या काळ्या-पांढऱ्या फिल्मवर घेत. पॅरिसला लागून असलेल्या बुलोन्य-बियांकूरमधल्या कान यांच्या संग्रहालयात काचा आणि फिल्मा दोन्ही जपल्या आहेत. फोटो इंटरनेटवरही पाहता येतात. ते मोठे करून बघा, विशेषतः लहान मुलांचे हातपाय. ती काही सेकंदभर गप्प राहिलेली नाहीत.