मरुभूमीतील वनस्पतींची अभ्याससहल : एक आराखडा

वाळवंट म्हणजे उजाड भूमी, अशी आपली समजूत असते. म्हणून तेथे झाडे पाहावयास जाण्याची कल्पना पालकांना काहीशी विचित्र वाटते. परंतु जेथे पाणी अल्प, तेथेच प्रत्येक पानाला व काट्याला कारण असते. ते कारण शोधण्याची दृष्टी विद्यार्थ्यांस यावी, या हेतूने जोधपूर केंद्र धरून दोन दिवसांचा आराखडा आम्ही येथे मांडीत आहोत.

पूर्वतयारी : निघण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने एका वनस्पतीचा अभ्यास करावा. त्यातील बहुतेक आपल्या ओळखीच्याच आहेत. राजस्थानचा राज्यवृक्ष खेजडी म्हणजे आपली शमी. तेथील केर म्हणजे आपली नेपती. प्रश्न एकच असावा : हे झाड अल्प पाण्यावर तगते कसे? शमी आपली मुळे खोलवर नेते. नेपती बहुतेक काळ पर्णहीन राहून हिरव्या फांद्यांतच अन्न तयार करते. थोर खोडात पाणी साठवितो. थोर आणि फड्या या दोहोंस आपण निवडुंग म्हणतो. पण थोराला पांढरा चीक असतो, तर फड्याचे कूळ मूळचे अमेरिका खंडातील. हा भेद प्रत्यक्ष पाहून नोंदवावा. चीक डोळ्यांस अपायकारक असल्याने तोडणे, खुडणे मात्र पूर्ण वर्ज्य.

पहिला दिवस : मेहरानगड किल्ल्यालगतचे राव जोधा मरुशिला उद्यान. सुमारे ७० हेक्टरांच्या या खडकाळ भूमीवर परदेशी वेड्या बाभळीने कब्जा केला होता. नुसती तोडल्यास ती पुन्हा फुटते. म्हणून २००६ पासून पर्यावरण-अभ्यासक प्रदीप कृष्ण यांच्या मार्गदर्शनाखाली तिची मुळे काढण्यात आली. दगडफोडीत पिढ्यान्‌पिढ्या निष्णात असलेल्या कारागिरांनी खडकात खड्डे खोदले व त्यांत स्थानिक वनस्पती लावल्या गेल्या. २०११ मध्ये उद्यान सर्वांसाठी खुले झाले. येथे पंधरांहून अधिक मुलांचा गट करू नये. सकाळी लवकर प्रारंभ करावा. टोपी, बूट व पुरेसे पाणी सोबत असावे.

दुसरा दिवस : सकाळी, आधी लेखी परवानगी घेऊन, १९५९ साली स्थापन झालेली केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था पाहावी. कोरडवाहू बोरांवरील तिचे कार्य शेतकरी कुटुंबांतील मुलांस विशेष उपयुक्त ठरेल. दुपारनंतर खेजडली गाव. येथे १७३० साली, राजाज्ञेने खेजडीची तोड होऊ लागली तेव्हा, अमृतादेवी यांच्यासह ३६३ बिश्नोई स्त्रीपुरुषांनी झाडांना कवटाळून प्राण दिले, असा इतिहास सांगितला जातो. शेतात सावली, गुरांना पाला आणि ताटात सांगरीच्या शेंगा देणारे हे झाड त्यांना इतके मोलाचे का होते, हे आदल्या दिवसाच्या अभ्यासानंतर मुलांस वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

एके ठिकाणी झाड राखण्यासाठी माणसे मेली. दुसऱ्या ठिकाणी भूमी राखण्यासाठी झाड उपटावे लागले. या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, एवढे उमगले तरी सहल सार्थकी लागली असे आम्ही मानू. वेडी बाभूळ आपल्या माळरानांवरही पसरली आहे, आणि दर पावसाळ्यात आपण उत्साहाने वृक्षारोपण करतो. परतल्यावर विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या माळावर मूळचे काय उगवते याची यादी करावी. यापुढे रोपासाठी खड्डा खणण्यापूर्वी ती यादी हाती असावी.